मोनेच्या डोळ्यातला मोतीबिंदू

क्लोद मोने उतारवयात नळीवरचे नाव वाचून रंग निवडत असे. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागाही ठरलेली, कारण डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

खरे तर याच डोळ्यांनी चित्रकलेची दिशा बदलली होती. १८४० साली पॅरिसमध्ये जन्मलेला मोने ल हाव्र या बंदराच्या गावी वाढला. त्याच बंदरातली धुकट सकाळ त्याने १८७२ मध्ये रंगवली. दोन वर्षांनी ते चित्र प्रदर्शनात लागले, तेव्हा एका टीकाकाराने त्याच्या नावावरून सगळ्या गटाला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून हिणवले. तेच नाव पुढे रूढ झाले. पैशांची ओढाताण मात्र बराच काळ चालली. पत्नी कामीय १८७९ मध्ये अवघ्या ३२व्या वर्षी गेली. १८८३ पासून तो जिव्हर्नीत राहिला. तिथे त्याने तळे करून घेतले, त्यात कमळे लावली आणि तीच वर्षानुवर्षे रंगवली.

१९१२ मध्ये डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यातले भिंग वयोमानाने गढूळ आणि पिवळट-तपकिरी होते, तेव्हा निळा-जांभळा प्रकाश त्यातून नीट आत जात नाही. पांढरे मळकट दिसते, ऊन खुपते. मोने रुंद कडांची टोपी घालून चित्रे काढू लागला. त्या काळातला त्याच्या बागेतला जपानी पूल पाहा: सगळीकडे लाल, तपकिरी, पेटल्यासारखे रंग. हा बदल इतका सावकाश होतो की तो लक्षात येत नाही. साकीनाक्याच्या चौकात रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तरी नंबर वाढला असेल म्हणून चालढकल करणारे आजही कमी नाहीत.

मोनेने दहा वर्षे चालढकल केली. त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती. चित्रकार मेरी कसाट हिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया फसल्या होत्या. अखेर उजव्या डोळ्याला जेमतेम उजेड तेवढा कळू लागला, तेव्हा मित्र क्लेमांसो याने त्याला राजी केले. फ्रान्सचा हा माजी पंतप्रधान मुळात डॉक्टरच होता. जानेवारी १९२३ मध्ये डॉ. कुतेला यांनी उजव्या डोळ्यातले भिंग काढले. त्यानंतर डोके न हलवता पडून राहायचे होते आणि मोने रुग्ण म्हणून महाहट्टी!

भिंग काढल्यावर त्या जागी बसवायला तेव्हा काहीच नव्हते. कृत्रिम भिंग १९४९ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी प्रथम बसवले. तोवर सगळी मदार जाड चष्म्यावर. आपल्याकडेही जुन्या नेत्रशिबिरांतून परतलेल्या आजी-आजोबांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या काचा असत, त्या यामुळेच. भिंगाचा आडोसा गेल्याने निळा प्रकाश भरपूर आत शिरू लागला आणि मोनेला सगळे निळसर दिसू लागले. तो चिडला, खचला, काही चित्रे त्याने नष्टही केली. पुढे रंगीत काचांच्या चष्म्याने रंग बरेचसे जागेवर आले आणि तो कमळांच्या भल्यामोठ्या चित्रांकडे वळला. ती त्याने देशाला देऊ केली होती.

डाव्या डोळ्याला मात्र त्याने हात लावू दिला नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजरीत दोन लंबगोल दालनांमध्ये ती कमळे लोकांसाठी खुली झाली.