कर्मवीर भाऊराव पाटील

आपल्या नवी मुंबईत वाशी येथील महाविद्यालयास ज्यांचे नाव दिलेले आहे, त्या कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे आहे.

दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडील कुंभोज ह्या गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरास शिकत असता शाहू छत्रपतींचे कार्य त्यांस जवळून पाहावयास मिळाले. महाराजांनी गोरगरिबांच्या मुलांकरिता वसतिगृहे काढली होती. परंतु ती बहुतेक जातवार निरनिराळी होती. भाऊरावांनी ह्यापुढील पाऊल टाकिले. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उघडिले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

ह्या वसतिगृहातील खरे शिक्षण पुस्तकापेक्षा चुलीपाशीच अधिक होई. कोणाच्या हातचे पाणी प्यावयाचे नाही, हे खेड्यातील मूल अक्षरओळखीच्याही आधी शिकलेले असे. येथे मात्र मुले मिळून स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. ज्याच्या हातची भाकरी नित्य खावयाची, त्याचा विटाळ मानणार तरी कसा? उपदेशाने जे साधत नव्हते, ते सहवासाने साधू लागले. शिवाय श्रम सर्वांसच करावे लागत. त्यामुळे गरिबास आपल्या गरिबीची लाज उरली नाही, आणि शिकलेल्या मुलास बापाच्या नांगराचीही लाज वाटली नाही.

ह्या कार्याचे मोल भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी दिले. जुन्या वळणात वाढलेल्या ह्या माउलीने सर्व जातींची मुले आपलीच मानिली. वसतिगृहात धान्य सरले, तेव्हा तिने आपले दागिने, आणि शेवटी गळ्यातील मंगळसूत्रही विकावयास दिले. १९३० साली ती निवर्तली. संस्थेचा पुढील विस्तार तिच्या दृष्टीस पडला नाही.

१९४० साली साताऱ्यास विनाशुल्क निवासी हायस्कूल व १९४७ साली महाविद्यालय निघाले. दि. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांनी देह ठेविला. त्याच वर्षी त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली होती.

बालमित्रहो, आज आपण निरनिराळ्या घरांतून येऊन एका बाकावर बसतो व डबा उघडतो. शेजाऱ्याच्या डब्यातील घास निःशंकपणे घेता येणे, ही गोष्ट दिसावयास लहान आहे. परंतु तिच्यासाठी कोणा एका मातेने आपले सौभाग्यलेणे उतरविले होते, हे आपण विसरू नये.