छोट्या रुळांवरचा विश्वासूपणा : रेव्ह. विल्बर्ट ऑड्री

टॉमस नावाचे निळे इंजिन आपल्या शब्बाथशाळांतील पुष्कळ मुलांच्या ओळखीचे आहे. खेळण्यांच्या दुकानात, चित्रांच्या पुस्तकात आणि दूरचित्रवाणीवर त्याचा हसरा चेहरा मुलांनी पाहिलेला असतो. परंतु हे इंजिन एका पाळकाच्या घरी, आजारी मुलाच्या अंथरुणाशेजारी सांगितलेल्या गोष्टींच्या मालिकेतून पुढे आले, हे त्या मुलांच्या आईबापांनाही बहुधा ठाऊक नसते. त्या पाळकाची, म्हणजे रेव्ह. विल्बर्ट व्हेअर ऑड्री यांची ओळख ह्या अंकी करून द्यावी असे आम्ही योजिले आहे.

ऑड्री यांचा जन्म १५ जून १९११ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील अँपफील्ड येथील पाळकगृहात झाला. वडील व्हेअर ऑड्री हे तेथील पाळक. वडिलांना विल्यम आणि हर्बर्ट ह्या आपल्या दोन भावांचे मोठे प्रेम. त्या दोन नावांचा संयोग करून त्यांनी मुलाचे नाव विल्बर्ट ठेवले. वडिलांना आगगाड्यांचाही मोठा नाद होता. मंडळीतील रेल्वे कामगारांशी त्यांचा घरोबा असे, आणि घराच्या आवारात त्यांनी स्वतःची मॉडेल रेल्वे मांडली होती. मुलाला हाताशी धरून ते रुळांच्या कडेने फिरावयास जात आणि कामकऱ्यांशी गप्पा मारीत. घरावर दुःखाची छायाही लवकरच पडली. विल्बर्टचा सावत्र वडील भाऊ कॅरल हा पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, ऑगस्ट १९१४ मध्ये, फ्रान्समध्ये मारला गेला.

पुढे हे कुटुंब विल्टशायरमधील बॉक्स ह्या गावी राहावयास आले. ब्रुनेल ह्या प्रसिद्ध इंजिनियरने बांधलेला बॉक्सचा बोगदा तेथून अगदी जवळ होता. बोगद्याकडे जाणारा चढ दर शंभर फुटांस एक फूट असा होता. आपल्याकडे कर्जत-लोणावळ्याच्या किंवा कॅसलरॉकच्या घाटात गाडीला जादा इंजिन जोडतात, हे ह्या मार्गांनी प्रवास केलेल्यांनी पाहिले असेल. आपले घाट त्या चढाहून कितीतरी अवघड. परंतु जड मालगाड्यांना तेथेही मागून रेटा देणारे इंजिन लागे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या लहानगा विल्बर्ट त्या दोन इंजिनांचे धापा टाकणे ऐके. पुढचे इंजिन चढ झेपत नाही म्हणून कुरकुरत आहे आणि मागचे त्याला धीर देत आहे, असे त्याला वाटे. पुढे जगभर वाचल्या गेलेल्या गोष्टींचे बीज ह्या रात्रींमध्ये पेरले गेले.

ऑक्सफर्ड येथे पदवी घेऊन आणि तेथील विक्लिफ हॉलमध्ये धर्मशिक्षण पुरे करून ऑड्री यांनी १९३३ ते १९३६ ही तीन वर्षे यरुशलेममधील सेंट जॉर्ज शाळेत शिक्षकाचे काम केले. १९३६ साली त्यांना दीक्षा मिळाली आणि १९३८ मध्ये मार्गारेट वेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ह्यानंतर त्यांच्या कसोटीची वेळ आली. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. ऑड्री युद्धविरोधी होते. शस्त्र उचलणे ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. त्या दिवसांत देशभर युद्धाचे वारे वाहत होते. जेथे ते साहाय्यक पाळक होते तेथून त्यांना जावे लागले. घरात पाळणा हलावयाची वेळ आणि नोकरीचा भरवसा नाही, अशा स्थितीत बर्मिंगहॅमचे बिशप बार्न्स यांनी त्यांना आपल्या धर्मप्रांतात घेतले. बिशपसाहेब स्वतः युद्धविरोधी होते. १९४० साली ऑड्री किंग्ज नॉर्टन येथील सेंट निकोलस मंडळीत साहाय्यक पाळक झाले. युद्धाविषयी त्यांचे मत सर्वांना पटावे असा आमचा आग्रह नाही. त्याच ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे पुष्कळ जण त्याच वेळी रणांगणावर गेले. परंतु सद्विवेकाची किंमत मोजावी लागली तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने मोजली, एवढे आम्ही लक्षात घ्यावे. शिवाय आश्रय मिळाला तो काही सुरक्षित ठिकाणी नव्हे; त्या वर्षांत बर्मिंगहॅमवर बाँबचा वर्षाव होत होता.

ह्याच गावी थोरला मुलगा ख्रिस्टोफर याला गोवर आला. मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवावे लागे. त्याचे मन रमविण्यासाठी वडिलांनी बोलणाऱ्या इंजिनांच्या गोष्टी सांगावयास आरंभ केला. मुलगा भारी चौकस. काल सांगितलेल्या गोष्टीत आज एखादा तपशील बदलला की तो बापाला तेथेच अडवी. शेवटी ऑड्री यांनी जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर गोष्टी लिहून ठेविल्या. त्या छापाव्यात असा धोशा मार्गारेटबाईंनी धरला, आणि १९४५ साली ‘द थ्री रेल्वे एंजिन्स’ हे पहिले पुस्तक निघाले.

युद्धकाळात दुकानात खेळणी मिळेनात. तेव्हा ऑड्री यांनी झाडूचा दांडा आणि लाकडाचे तुकडे घेऊन एडवर्ड नावाचे इंजिन घरीच बनविले. मुलाला गोष्टीतले गॉर्डन हे मोठे इंजिनही हवे होते. परंतु ते घडविणे फार कठीण. म्हणून त्यांनी एक लहान सहाचाकी इंजिन करून दिले. तोच टॉमस. त्याच्यावरचे पुस्तक १९४६ साली आले.

ह्या गोष्टींत उपदेशाचे शब्द थोडे आहेत, तरी शब्बाथशाळेच्या शिक्षकाला त्यांचा साचा ओळखीचा वाटेल. हेन्री नावाचे इंजिन पावसाने रंग खराब होईल म्हणून बोगद्यात दडून बसते आणि शिक्षा म्हणून तेथेच भिंत घालून कोंडले जाते. पुढे गॉर्डनची गाडी वाटेत बंद पडते, तेव्हा हेन्रीला बाहेर काढून कामास लावतात. चूक होते, तिचे फळ मिळते, पश्चात्ताप होतो आणि पुन्हा सेवेत जागा मिळते. ऑड्री यांच्या रेल्वेत चुकलेल्या इंजिनाला शिक्षा असते, परंतु सुधारण्याची वाटही असते.

१९४६ पासून ते केंब्रिजजवळील एल्सवर्थ येथे आणि १९५३ पासून नॉरफोकमधील एम्नेथ येथे पाळक होते. दरम्यान वाचक मुलांची पत्रे येऊ लागली. ह्या चित्रात आणि त्या गोष्टीत मेळ नाही, असे मुले विचारीत. मुलांचा खेळ म्हणून ऑड्री यांनी ही पत्रे बाजूस टाकिली नाहीत. आपल्या रेल्वेला नक्की भूगोल हवा असे त्यांनी ठरविले. १९५० साली ते आयल ऑफ मॅन ह्या बेटावर गेले होते. तेथील बिशपांचा हुद्दा सोडोर आणि मॅनचे बिशप असा आहे. मॅन नावाचे बेट आहे, परंतु सोडोर नावाचे बेट कोठेच नाही; तो शब्द दक्षिणेकडील बेटांसाठी असलेल्या जुन्या नॉर्स नावाचा अवशेष आहे. ऑड्री यांना हवे ते बेट सापडले! बंधू जॉर्ज यांच्या साहाय्याने त्यांनी सोडोरचे डोंगर, नद्या, गावे, इतिहास, सारे काही रचिले आणि नकाशा काढिला.

ह्या बेटावर टॉमसची शाखा-रेल्वे जेथे संपते ते फारक्वार हे स्थानक ऑड्री यांनी मॉडेलच्या रूपाने स्वतः बांधले. हे काम कसे असते ते थोडे सांगू. लाकडी चौकटीवर फळी ठोकून तिच्यावर रूळ बसवितात. ह्या मापात खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे सर्व वस्तू खऱ्याच्या सुमारे शहात्तराव्या हिश्शाच्या होतात. दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. रुळांतून बारा व्होल्टची वीज इंजिनाच्या चिमुकल्या मोटरला मिळते आणि ती कमी-अधिक करून वेग ठरवितात. सांधे बदलावयाचे, वाघिणी सोडावयाच्या आणि जोडावयाच्या, इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकास न्यावयाचे, हे सारे खऱ्या यार्डातल्याप्रमाणे करावे लागते. एक सांधा केसभर चुकला की गाडी घसरलीच. मागे पडद्याआड काही रूळ ठेवितात. तेथून गाडी येते तेव्हा ती दूरच्या गावाहून आली असे पाहणाऱ्याला वाटते.

ही मांडणी त्यांनी मुद्दाम हलविता येईल अशी केली होती आणि ती घेऊन ते प्रदर्शनांना जात. इंग्लंडात अशा प्रदर्शनांची जुनी परंपरा आहे. १९१० साली स्थापन झालेल्या लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबचे प्रदर्शन पुष्कळ वर्षे ईस्टरच्या सुमारास वेस्टमिन्स्टरच्या मेथॉडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये भरे. डिसेंबर १९५९ मध्ये ‘रेल्वे मॉडेलर’ ह्या मासिकात फारक्वारची माहिती आली. मुलांना पुस्तकातला टॉमस येथे डोळ्यांदेखत शंटिंग करताना दिसे. आपल्याकडेही ह्या कलेची ओळख अगदीच नवी नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी तेथील वाचकांनी पाहिली असेल, आणि पुण्यात १९९८ साली छोट्या रेल्वेचे एक संग्रहालयच उघडले गेले.

खऱ्या गाडीवरही ऑड्री यांनी सेवा केली. वेल्समधील टॅलिलिन ही लहान रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असता १९५१ पासून स्वयंसेवकांनी ती चालविली. १९५२ साली ऑड्री तेथे गार्ड म्हणून कामास गेले आणि एकदा चहा-फराळ देणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून गाडी सोडून मोकळे झाले! ही आपलीच चूक त्यांनी पुढे गोष्टीत घातली. लेस्टरशायरमधील केडबीचे पाळक टेडी बॉस्टन हे त्यांचे स्नेही. त्यांच्या आवारात खरी छोटी रेल्वे होती आणि शेडमध्ये मोठी मॉडेल रेल्वे. १९६७ च्या एका पुस्तकात लठ्ठ पाळक आणि किडकिडीत पाळक अशी जोडी येते, ती ह्या दोघांचीच.

१९६५ साली ऑड्री यांनी पूर्णवेळ पाळकपण सोडून लेखनास अधिक वेळ दिला आणि ते ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउडजवळ राहावयास गेले. पाळकाने असे करावे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. आम्हालाही तो आला. परंतु त्यांनी दीक्षा टाकली नाही, आणि ज्या मुलांना त्यांच्या मंडळीचे दार कधी दिसले नसते अशा मुलांशी ते पुस्तकांतून बोलत राहिले. १९७२ पर्यंत त्यांची सव्वीस पुस्तके झाली. १९८३ पासून ख्रिस्टोफरने ती मालिका पुढे नेली.

१९८४ साली टॉमस दूरचित्रवाणीवर आला आणि त्याची कीर्ती जगभर झाली. ऑड्री यांना त्यात आनंदाबरोबर खंतही वाटली, कारण नंतरच्या काही नव्या गोष्टींत रेल्वेचे नियम धाब्यावर बसविले गेले होते. मुलांना रंजनासाठीही खोटे सांगू नये असा त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या गोष्टींमागे बहुधा खरी घटना असे. टॉमस खाणीच्या खड्ड्यात पडतो त्या गोष्टीमागेही १८९२ साली लिंडल येथे जमीन खचून इंजिन गडप झाल्याची खरी हकिगत आहे.

१९८९ साली मार्गारेटबाई वारल्या. १९९६ च्या नववर्षी ऑड्री यांना राणीकडून ओ.बी.ई. हा किताब जाहीर झाला आणि २१ मार्च १९९७ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले. टॅलिलिन रेल्वेच्या टायविन स्थानकातील संग्रहालयात त्यांची अभ्यासिका पुन्हा मांडून ठेविली आहे.

ह्या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? ज्या माणसाने युद्धाच्या प्रश्नावर आपले अन्न पणास लाविले, तोच माणूस एका मुलाच्या पत्रातील शंकेसाठी नकाशा काढीत बसला. आम्हाला ह्या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. थोडक्यात विश्वासू असणारा पुष्कळातही विश्वासू असतो, हे प्रभूने शिकविलेले आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पुढच्या आठवड्यात वर्गातले एखादे मूल तुम्हाला गोष्टीच्या मध्येच अडवून काही विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर घरी जाऊन शोधा आणि पुढच्या रविवारी त्याला सांगा. ते मूल ही गोष्ट विसरणार नाही.