काँग्रेस रेडिओच्या उषा मेहता

मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये भारत छोडोची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. आंदोलनाची खरी हकीकत देशभर पोहोचविण्याचे काम त्यानंतर एका गुप्त नभोवाणी केंद्राने केले. ते चालविणाऱ्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या.

उषाबेन यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळील सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश राजवटीत न्यायाधीश होते, तरीही आठव्या वर्षी ही मुलगी सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत सामील झाली. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायद्याच्या अभ्यासाकडे वळल्या होत्या. आंदोलनाची हाक येताच तो अभ्यास त्यांनी सोडला.

केंद्र सुरू करणे सोपे नव्हते. महायुद्धाला तोंड लागताच सरकारने हौशी नभोवाणीचालकांना आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे आदेश दिले होते. तेव्हा सुटे भाग जमवून यंत्र घरगुती पातळीवरच जुळविणे भाग होते. नरिमन प्रिंटर या हौशी नभोवाणीतज्ज्ञाचे साहाय्य येथे मोलाचे ठरले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरील एका इमारतीतून ४२.३४ मीटरवर पहिले प्रक्षेपण झाले. ही लहर म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्‌झ, हौशी चालकांच्या ४० मीटर पट्ट्यातीलच ही जागा होय.

घरी बांधलेला प्रक्षेपक सुरू होणे आणि नेमक्या लहरीवर, पुऱ्या ताकदीने चालणे यांत बरेच अंतर असते. लहर ठरल्या जागी आहे की नाही हे तरंगमापकाने पाहावे लागते. अखेरच्या व्हॉल्व्हचा प्रवाह दाखविणारा काटा किमान पातळीवर येईपर्यंत कंडेन्सर सावकाश फिरवावा लागतो, एरियलमध्ये जाणारा प्रवाह वेगळा मोजावा लागतो. शांततेच्या काळात हौशी चालक एरियलऐवजी साधा विजेचा दिवा जोडून ही जुळणी करीत. दिवा सर्वाधिक उजळला की जुळणी साधली, आणि बाहेर फारसे काही गेलेले नसे. गुप्त केंद्रासाठी तर ही खबरदारी प्राणाइतकी मोलाची. कारण चाचणीसाठी हवेत गेलेला प्रत्येक क्षण पोलिसांच्या दिशाशोधक यंत्रांना सुगावा देणारा असतो. शिवाय जागा बदलली की एरियलची लांबी-उंची बदलते आणि जुळणीचा खटाटोप पुन्हा आरंभापासून करावा लागतो. काँग्रेस रेडिओला जागा वारंवार बदलावी लागली, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

आरंभी दिवसातून दोनदा, पुढे केवळ सायंकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत कार्यक्रम होई. ध्वनिमुद्रणाचे ठिकाण प्रक्षेपणाच्या ठिकाणापासून वेगळे ठेवण्यात आले. डॉ. राममनोहर लोहिया यांच्यासारख्या भूमिगत नेत्यांचे पाठबळ लाभले. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील आष्टी व चिमूर येथील दडपशाही अशा ज्या बातम्या छापण्यास वृत्तपत्रे धजत नव्हती, त्या या केंद्रावरून ऐकू आल्या.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे सारे संपले. गटातील एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना ठिकाण कळले होते. गिरगावातील जागेवर छापा पडला तेव्हा अखेरचे वंदे मातरम् वाजत होते. पुढे सुमारे सहा महिने उषाबेन यांची चौकशी चालली. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखविण्यात आले. त्या बोलल्या नाहीत, न्यायालयातही नाहीत. चार वर्षांच्या शिक्षेवर त्यांची रवानगी येरवडा तुरुंगात झाली आणि मार्च १९४६ मध्ये, गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने, त्या मुक्त झाल्या. प्रकृती मात्र ढासळली होती, इतकी की स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यासही त्यांना जाता आले नाही.

पुढील आयुष्य अध्यापनात गेले. गांधीविचारांवर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी विल्सन महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकविले. १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. गांधी स्मारक निधी आणि मणिभवन या संस्थांशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण सन्मान मिळाला. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील वार्षिक कार्यक्रमास गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.