कविवर्य नारायण वामन टिळक : एक निष्ठावंत जीवन

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या थोर स्त्रीपुरुषांचे चरित्र नव्या पिढीपुढे ठेवणे, हे अशा स्मरणिकेचे एक कर्तव्यच होय. विद्वान, देशभक्त, न्यायाधीश, वैद्य आणि कारखानदार ह्यांची नावे आपण नेहमीच अभिमानाने घेतो. ह्या खेपेस मात्र ज्यांना एके काळी आपल्याच ज्ञातीने दूर लोटले, अशा एका पुरुषाचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे. चित्पावन कुळात जन्मून पुढे ख्रिस्ती झालेले कविवर्य नारायण वामन टिळक हे ते पुरुष होत. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची कविता आपल्या घरांतील मुलांनी शाळेत तोंडपाठ केली. परंतु त्या कवितेमागील माणूस आपल्यांपैकी कित्येकांस अपरिचितच राहिला.

धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे मांडण्याचा आमचा हेतू नाही. मनुष्याने एकदा जे सत्य म्हणून स्वीकारले, त्याच्याशी तो अखेरपर्यंत प्रामाणिक राहिला काय, आणि त्याच्या सहवासाने इतरांचे कल्याण झाले काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी झाला. मातोश्री जानकीबाई ह्यांना कवितेची आवड होती आणि तोच वारसा मुलाकडे आला. बालपणीच मातृछत्र हरपले आणि नारायणाने घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे महाराष्ट्रास विदित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. वक्तृत्व, कीर्तन आणि काव्य ह्यांत टिळकांची बुद्धी तेजाने चमके, पण चित्त एका ठिकाणी स्थिरावत नसे. नागपुरास आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. देशाचा उद्धार कशाने होईल, जातिभेदाच्या पलीकडे नेणारा धर्म कोणता, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. काव्य आणि धर्म ह्यांवर संभाषण झाले आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती कुतूहलाने उघडली. परंतु येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी येताच ते खिळून राहिले. शत्रूवरही प्रेम करावे, ह्या शिकवणीत आपल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नांचे उत्तर आहे, असे त्यांना वाटले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी वाचन, चिंतन आणि प्रार्थना ह्यांत घालविली व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी असे पाऊल उचलणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आज सहसा येणार नाही. ज्ञातीच्या दृष्टीने असा मनुष्य जिवंतपणीच मेलेला असे. आप्तांची दारे बंद झाली. सर्वांत कठोर आघात झाला तो पत्नीवर. ध्यानीमनी नसता कोसळलेल्या ह्या प्रसंगाने लक्ष्मीबाई शोकाने वेड्यासारख्या झाल्या. लहानग्या दत्तूस घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. पती हयात असूनही संसार मोडला होता. एका माणसाच्या निष्ठेची किंमत दुसऱ्या निरपराध जिवास मोजावी लागली, हे सत्य आपण झाकून ठेवता कामा नये. लक्ष्मीबाईंनीही आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात ते झाकलेले नाही.

टिळकांच्या निष्ठेची खरी कसोटी येथेच लागली. श्रद्धा सोडून परत फिरावे, तर अंतःकरण खोटे ठरते. पत्नीस विसरावे, तर ज्या प्रेमधर्मासाठी एवढे सोसले तोच खोटा ठरतो. त्यांनी ह्यांपैकी एकही मार्ग पत्करला नाही. ते अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये डॉ. ह्यूम ह्यांच्याबरोबर काम करू लागले, आणि पत्नीशी पत्रव्यवहार करून तिची वाट पाहत राहिले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांनी त्यात बाधा येऊ दिली नाही. ज्या पुरुषाने जातिबंधन स्वतःपुरते तोडून टाकले होते, त्याने घरात मात्र पत्नीच्या आचारास जागा दिली.

ह्या मोकळेपणाचा परिणाम कोणत्याही उपदेशाने झाला नसता असा झाला. राहुरीस राहत असता लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. मनुष्यामनुष्यांत उच्चनीच भेद ईश्वराने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाला घातला आणि आपल्याच विचाराने शिवाशीव टाकून दिली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पतीच्या आज्ञेवरून नव्हे, स्वतःच्या निश्चयाने. पुढे दुष्काळ व प्लेग ह्यांनी निराधार केलेली मुले त्या घरात आली आणि टिळक दांपत्याने त्यांना पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविले.

टिळक हे दोषरहित होते, असे आम्ही म्हणणार नाही. ते शीघ्रकोपी होते. हाती आलेला पैसा संसाराचा विचार न करता गरजवंताला देऊन टाकीत आणि घरात उद्याची भ्रांत पडे. त्यांच्या विसराळूपणाच्या आणि लहरीपणाच्या हकिकती लक्ष्मीबाईंनीच मोठ्या विनोदाने लिहून ठेविल्या आहेत. तथापि रागाच्या मागे द्वेष नव्हता आणि दानाच्या मागे दंभ नव्हता.

त्यांच्या घराचे दार इतरांसही उघडे असे. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या कोवळ्या मुलाची कविता गाजली आणि तो बालकवी म्हणून ओळखला जाऊ लागला. ह्या मुलास टिळकांनी पुढे अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्या घरची ममता आटली नाही. मराठी निसर्गकवितेचे एक मोठे लेणे अशा रीतीने काही काळ टिळकांच्या छायेत वाढले.

नवा धर्म स्वीकारला म्हणून टिळकांनी मायभूमीशी असलेले नाते तोडले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, ही समजूत त्यांना मुळीच मान्य नव्हती. तुकोबांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्तापर्यंत आणून पोहोचविले, अशी कृतज्ञता ते व्यक्त करीत. ख्रिस्ती मंदिरांत परक्या चालींऐवजी अभंग, भजन आणि कीर्तन घुमावे, ह्यासाठी त्यांनी अनेक गीते रचिली. ती मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गाइली जातात. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. देशभक्तीची कविता त्यांच्या लेखणीतून अखेरपर्यंत स्रवत राहिली.

वय छप्पन्नाच्या घरात असता त्यांनी आणखी एक पाऊल उचलले. मिशनचा पगार घेऊन केलेली सेवा त्यांना अपुरी वाटू लागली होती. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ ह्या बंधुसंघाचा आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे एकत्र बसता यावे, असा त्यांचा संकल्प होता. परंतु आयुष्य तेवढे उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांनंतर अपुरेच राहिले होते. लहानपणी अक्षरओळखही नसलेल्या आणि पतीनेच ज्यांना लिहावयास शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी त्यास ६४ अध्यायांची जोड दिली. जी स्त्री एके काळी पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडली होती, तिनेच त्याचे अपुरे गीत पुढे नेले. टिळकांच्या जीवनाचा प्रभाव मोजावयाचा झाल्यास ह्याहून मोठे माप आम्हांस सापडत नाही.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या घरांतही आज कोणी मुलगा वा मुलगी निराळ्या विचाराची निघते, निराळ्या समाजातला जोडीदार निवडते, निराळी उपासना करते. अशा वेळी एक तर नाते तोडावे नाहीतर आपला विचार गिळावा, असे दोनच मार्ग आपणांस दिसतात. टिळकांनी तिसरा मार्ग चालून दाखविला. आपली श्रद्धा तसूभर ढळू द्यावयाची नाही, आणि जो तिच्यात सहभागी नाही त्याच्यावरील प्रेमही तसूभर उणे होऊ द्यावयाचे नाही, हाच तो मार्ग. १८९५ साली आपल्या ज्ञातीने त्यांच्यासाठी दार बंद केले. ते दार आज उघडावयाचे असेल, तर केवळ त्यांचे नाव आपल्या यादीत घालून भागणार नाही. आपल्या घरातील निराळ्या वाटेने गेलेल्या माणसासाठी पंक्तीत पान मांडले गेले पाहिजे.