अवकाशात तास घ्यायला निघालेल्या क्रिस्टा मॅकऑलिफ यांचे राहिलेले धडे कुणी पूर्ण केले?

तारीख २८ जानेवारी १९८६. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांमध्ये वर्गात टीव्ही लावला होता. कारण चॅलेंजर यानातून शाळेतल्या एक बाई अवकाशात निघाल्या होत्या. त्यांचं नाव क्रिस्टा मॅकऑलिफ.

उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे आकाशातच तुकडे झाले. सातही अंतराळवीर गेले. क्रिस्टा ३७ वर्षांच्या होत्या.

अपघात सगळ्यांना आठवतो. पण या बाई वर जाऊन शिकवणार काय होत्या?

क्रिस्टा यांचा जन्म १९४८ चा, बोस्टनचा. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कॉर्ड हायस्कूलमध्ये त्या इतिहासासारखे विषय शिकवायच्या. राजे आणि लढायांपेक्षा साध्या माणसांच्या जगण्यातून इतिहास कळतो, यावर त्यांचा विश्वास होता.

१९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका शिक्षकाला अवकाशात पाठवण्याची घोषणा केली. ११ हजारांहून जास्त अर्ज आले. क्रिस्टा यांनी अर्जात लिहिलं की, त्या प्रवासाची रोजनिशी ठेवतील. जुलै १९८५ मध्ये त्यांची निवड झाली. बार्बरा मॉर्गन या शिक्षिका राखीव होत्या.

क्रिस्टा यानातून दोन तास लाइव्ह घेणार होत्या. एकात यानाची सफर, दुसऱ्यात माणूस अवकाशात का जातो याचं उत्तर. शिवाय न्यूटनचे नियम, चुंबक, साधी यंत्रं आणि मातीशिवाय वाढणारी रोपं यांचे प्रयोगही शूट होणार होते.

मग चुकलं कुठे? बूस्टर रॉकेटच्या जोडातली रबरी रिंग कडाक्याच्या थंडीत कडक झाली आणि तिथून गरम वायू बाहेर पडला. आदल्या रात्रीच काही इंजिनिअर्सनी थंडीचा धोका सांगून उड्डाण थांबवायला सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

त्याच वर्षी सातही अंतराळवीरांच्या कुटुंबांनी मुलांना विज्ञान शिकवणारं ‘चॅलेंजर सेंटर’ सुरू केलं. २००७ मध्ये बार्बरा मॉर्गन अवकाशात गेल्या आणि तिथून विद्यार्थ्यांशी बोलल्या.

आणि क्रिस्टा यांचे धडे? २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड यांनी त्यातले काही प्रयोग करून दाखवले. त्यांचे व्हिडिओ चॅलेंजर सेंटरमार्फत शाळांपर्यंत पोहोचले.

अंतराळवीर होण्याआधी हे दोघंही शाळेत शिकवायचे.