निवाडा देवाचा, आपल्याकडे कृपासदन



एखाद्या घरातील मुलीचे पाऊल वाकडे पडले की देवाच्या न्यायासनापर्यंत गोष्ट जाण्याआधीच आपल्या ओटीवर तिचा निवाडा लागलेला असतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे जीवन आठवावे. त्या कॅथलिक नव्हत्या. पण पाप्यांविषयीची प्रभूची दया त्यांच्याकडून आपण जरूर शिकावी.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे भाऊ गेला आणि १८८२ साली पतीही वारले. पदरात तान्ही मनोरमा होती. संस्कृतातील विद्वत्तेमुळे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली होती. तरीही समाजाच्या दृष्टीने त्या एक विधवाच होत्या.

१८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथे एक सेवागृह होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जाई. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. या स्त्रियांवर इतके प्रेम का, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईचे सारे आयुष्य प्रभूला ठाऊक होते. तरी त्याने तिला दूर लोटले नाही. तिच्याकडे पाणी मागितले आणि तिला जीवनाच्या पाण्याविषयी सांगितले. ती गोष्ट रमाबाईंच्या हृदयाला भिडली. त्याच वर्षी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांनी टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा निवाडा कसा असतो ते रमाबाईंनी स्वतः सोसले, पण काम थांबवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया वाचवल्या आणि केडगावला आणल्या. आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून घाट चढून पुण्याला जाणारी रेल्वे पुढे दौंडकडे जाते, त्याच मार्गावर हे केडगाव आहे. तिथे मुक्ती सदनाबरोबर त्यांनी आणखी एक घर उभारले. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते अशा स्त्रियांसाठी ते होते. त्याचे नाव कृपासदन.

नावातच सारे आले. रमाबाईंनी त्या घराला न्यायाचे नाव दिले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना स्वतःलाही उमगले होते की तारण आपल्या विद्येने वा पुण्याईने मिळत नाही, ते ख्रिस्ताच्या कृपेने मिळते. जो स्वतः कृपेवर जगतो, तो दुसऱ्याचा न्यायाधीश कसा होणार?

१९२१ साली मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही देवाघरी गेल्या. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून निघाले.

प्रिय भाविकांनो, पापाला पाप म्हणायला ख्रिस्तसभा कधीच कचरत नाही. पण त्या माणसाच्या अंतःकरणात काय चालले आहे, कोणत्या दुःखाने वा भुकेने त्याला तिथवर नेले, हे फक्त देव जाणतो. म्हणून शेवटचा शब्द त्याचाच. आपल्या धर्मग्रामात कोणी लाजेने मिस्साला यायचे थांबले असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊ या. उपदेश करायला नको. विहिरीवर प्रभूने केले तसे, घोटभर पाणी मागायला जाऊ या.