दोन हजार मुलींची आई आणि तिची प्रार्थना

मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे जाणारी गाडी कल्याण सोडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावे एकामागून एक मागे टाकत घाटाच्या दिशेने धावू लागते. आज गर्दीने ओसंडणाऱ्या या पट्ट्याचे रूप सव्वाशे वर्षांपूर्वी अगदी निराळे होते. उल्हासनगर नावाचे शहर तेव्हा नव्हतेच. फाळणीनंतर परागंदा झालेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या जागेवर संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले. अंबरनाथची ओळख होती ती शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे एक लहानसे गाव होते. मात्र लोहमार्ग होता. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यापासून मुंबई आणि पुणे यांना जोडणारी हीच वाट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विधवा पंडिता मुंबईतील आपले बिऱ्हाड हलवून पुण्याला गेली, तिथून पुढे दौंडच्या अलीकडे असलेल्या केडगावला गेली आणि त्या माळरानावर तिने दोन हजार मुलींचे घर उभे केले. त्या घराची रोजची भाकरी तिने देवाकडे मागितली, आणि मागत राहिली. पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी आणि बंडखोरीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या प्रार्थनेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कुशीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा दंडक असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि त्यांच्याकडूनच ती विद्या रमाबाईंकडे आली. विद्यार्थी, अतिथी, यात्रेकरू यांच्या सरबराईत अनंतशास्त्र्यांची मिळकत संपली, कर्ज झाले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी जे द्यावे त्यावर गुजराण करावी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम झाला.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि हा आधारही तुटला. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते आणि पुराण ऐकायला कोणाच्या पोटात बळ उरलेले नाही, अशा कोंडीत हे घर सापडले. उरलेसुरले द्रव्य व्रते, अनुष्ठाने आणि दानधर्म यांत खर्ची पडले. प्रत्येक विधी यथासांग झाला, पण अन्न आले नाही. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला कोणी पुढे आले नाही आणि मुलाला एकट्याला तो भार उचलून न्यावा लागला. थोड्याच अवधीत आई गेली, मागोमाग थोरली बहीण कृष्णाबाई गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री एवढेच मागे उरले. देवाकडे मागूनही घर उद्ध्वस्त होते, हा अनुभव रमाबाईंनी विशीच्या आतच घेतला होता. त्यांच्या पुढच्या आयुष्यातील श्रद्धेकडे पाहताना हे विसरून चालत नाही. ती सुखवस्तू घरातील भाबडी श्रद्धा नव्हती.

दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन तिचा गौरव केला. १८८० मध्ये श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीचे आणि प्रांताचे बंधन ओलांडून विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पटकीने बिपिनबिहारींचा घास घेतला. चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी कडेवर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व शिक्षिका हव्यात, असे आग्रहाने मांडले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा बेत होता, पण ऐकू कमी येत असल्याने तो सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असताना, परित्यक्त स्त्रियांना त्या भगिनींकडून मिळणारी मायेची वागणूक पाहून त्या ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. मात्र धर्म स्वीकारताना त्यांनी स्वतःची बुद्धी गहाण टाकली नाही. धर्मगुरूंनी सांगितले म्हणून मानावे, हे त्यांना जसे हिंदू धर्मात पटले नव्हते तसेच ख्रिस्ती धर्मातही पटले नाही. मठातील भगिनींशी त्यांचे सिद्धान्तांवरून प्रदीर्घ वाद झाले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने तिथले वाचक हेलावले. बोस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत देण्याचे त्याने मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले.

पुण्यात वादाला कारण झाली ती प्रार्थनाच. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थनेला बसत. खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार लावून घ्यावे, मुलींना मज्जाव करावा, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. १८९३ मध्ये प्रकरण चिघळले. केसरीतून टीकेची झोड उठली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा आक्षेप पोकळ नव्हता. आश्रयाला आलेल्या पोरक्या मुलींवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणार, ही भीती स्वाभाविक होती. रमाबाईंच्या बाजूनेही एक प्रश्न होता. ज्या मुलींना समाजाने टाकले, त्यांनी कुठे बसावे हे ठरवण्याचा अधिकार त्याच समाजाला कसा पोहोचतो?

याच सुमारास त्यांच्या श्रद्धेला नवे वळण लागले होते. इंग्लंडमध्ये हजारो अनाथ मुले केवळ प्रार्थनेच्या बळावर सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले. जो देव ब्रिस्टॉलच्या मुलांना जेवू घालतो तो हिंदुस्थानातल्या मुलींना का घालणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्याला त्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. तिथे त्यांनी त्या संख्येचा वर्ग मागितला, म्हणजे १५ च्या २२५ मुली. तेव्हा त्यांच्यापाशी जागा अपुरी होती, पैसा बेताचा होता आणि अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आली होती.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणीचा दुष्काळ भोगलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या स्वतः तिथे गेल्या, मदत केंद्रांभोवती हिंडल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या, वासनेचे भक्ष्य होण्याची भीती असलेल्या मुलींना घेऊन आल्या. थोड्याच महिन्यांत ही संख्या सुमारे तीनशेवर गेली. मागितले होते त्याहून अधिक मिळाले होते, आणि मिळाली होती ती खाणारी तोंडे. त्यांना खायला काय घालायचे, हा प्रश्न पुढे उभाच होता.

पुण्यात प्लेगची साथ असल्याने एवढ्या मुलींना शहरात ठेवू देण्यास सरकारी अधिकाऱ्यांनी मनाई केली. शारदा सदनाला स्वतःच्या पायावर उभे करता यावे म्हणून रमाबाईंनी केडगावजवळ जमीन घेऊन फळझाडे लावण्याचा उद्योग आरंभला होता. मुली त्या माळावर आल्या आणि तंबू व कच्च्या छपरांखाली राहू लागल्या. प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. देवापुढे गुडघे टेकणारी ही बाई सरकारपुढे मात्र ताठ उभी राहत होती.

केडगावच्या या वसाहतीला मुक्ती सदन हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळात आणखी तेराशेहून अधिक मुली आल्या आणि कुटुंब दोन हजारांच्या घरात गेले. दोन हजार ताटे, दोन हजार अंथरुणे आणि त्यांशिवाय औषधे, कपडे, पाणी. अवर्षणात विहिरी संध्याकाळी तळाला लागत, सर्व जणी प्रार्थना करीत आणि सकाळी पुन्हा दिवसापुरते पाणी झिरपलेले असे, ही आठवण मुक्तीच्या वृत्तान्तांत येते. ज्याने त्याने तिचा अर्थ आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. तिथल्या स्त्रियांना मात्र उद्याचे पाणी आज मागण्याची सवय लागली होती, यात शंका नाही.

या मागण्याबरोबर हात चालू होते. मुक्तीत शेती होती, गोठा होता, हातमाग होते, तेलघाणा होता, शिवणकाम होते, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई आणि वेताच्या वस्तू विणण्याचे काम दिले जाई. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग होता. संस्थेच्या गरजा आणि मिळालेल्या देणग्या यांची माहिती देणारे पत्रक इंग्रजीतून निघे आणि देशोदेशी जाई. रमाबाईंची प्रार्थना बुवाबाजीच्या वाटेला गेली नाही, याचे कारण या शिस्तीत आहे. आज मागितले आणि उद्या मिळाले नाही तर परवा पुन्हा मागायचे. मधल्या वेळात विहीर आणखी खोल खणायची, सूत कातायचे आणि हिशेब लिहायचा.

१९०५ च्या आरंभी त्यांनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने एकत्र येण्याचे आवाहन केले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे स्त्रिया रोज दोनदा जमू लागल्या. त्या महिनाअखेरीस मुक्तीत धार्मिक जागृतीची जी लाट उसळली, तिची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात झाली. रडणे, पापकबुली आणि मोठमोठ्याने प्रार्थना हे सारे पाहून काही मिशनरीही बिचकले. रमाबाईंनी त्या स्त्रियांना गप्प केले नाही. परक्या शिष्टाचाराच्या चौकटीत त्यांची भक्ती कोंबावी, असे त्यांना वाटले नाही.

अखेरच्या पर्वात त्यांनी हाती घेतलेले काम होते बायबलच्या मराठी भाषांतराचे. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले आणि छापखाना चालवला. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या मुलींच्या हातून हे घडत होते.

शेवटची प्रार्थना मात्र फळाला आली नाही. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी, शारदा सदनाची धुरा वाहणारी आणि आईची वारस. ती सतत आजारी राहू लागली आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, आईच्या आधी गेली. ज्या आईने दोन हजार लेकींसाठी मागितले आणि मिळवले, तिला पोटची लेक वाचवता आली नाही. रमाबाईंनी ना देवाशी भांडण मांडले, ना काम थांबवले. भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर छापून बाहेर पडले.

बालपणी घरादाराने केलेली व्रते निष्फळ ठरली आणि उतारवयात लेकीसाठी केलेली प्रार्थना निष्फळ ठरली. या दोन मौनांच्या मध्ये रमाबाईंचे आयुष्य उभे आहे. प्रार्थना म्हणजे हमखास फळ देणारा नवस, असा अर्थ या चरित्रातून काढता येत नाही. ओंजळ रिकामी राहिली तरी ती मिटायची नाही आणि जे हाती पडेल ते आधी दुसऱ्याच्या ताटात वाढायचे, एवढाच नेम त्यांनी जन्मभर पाळला.

केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांचे घर आहे. बदलापूर सोडून घाटाकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत बसलेला एखादा प्रवासी दौंडच्या अलीकडे केडगावचा फलक पाहतो आणि गाडी पुढे निघून जाते. तो फलक दिसलाच, तर वडिलांच्या मृतदेहाला खांदा द्यायला माणूस न मिळालेल्या एका मुलीने पुढे दोन हजार जणींना आपले म्हटले, एवढे त्याने आठवावे.